राक्षसाने भलतंच विचारलं

तेव्हा मी अगदीच अल्लड होते. नुकती साठी उलटलेली, गुडघे धड होते आणि अक्कल म्हणाल तर बेताचीच. आता पंचाहत्तरीला टेकल्यावर त्या पोरीकडे वळून बघते तेव्हा हसू आवरत नाही. दुपारी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची, कुकरसमोर उभी राहायची आणि हात उंचावून त्याला म्हणायची, "हे दुष्टा!" कुकर शिट्टी द्यायचा. तिला वाटायचं, झाली तालीम.

हे सगळं सुरू झालं जोगेश्वरीच्या आमच्या इमारतीतल्या हॉलमध्ये. चाळ पाडून इमारत झाली आणि सोसायटीला तळमजल्यावर एक हॉल मिळाला. आम्ही कोकणातल्या बायका दुपारी तिथे भजनाला जमायचो. वर पंखा संथ फिरतोय, खिडकीतून पिवळं ऊन फरशीवर सांडलंय, आणि निम्म्या बायकांचे डोळे मिटलेले. भक्तीने की झोपेने, ते विचारायचं नाही. अशाच एका दुपारी माझ्या वरच्या मजल्यावर राहणारी मैत्रीण, जिला मी नुसतं 'वरची' म्हणते, झांजा खाली ठेवून म्हणाली, "आपण दशावतार करूया."

"कोणी?"

"आपण. बायकांनी. गावाला आता बायका करतात, माहितीये? आपल्यालाच काय धाड भरलीय?"

सगळ्यांचे डोळे उघडले.

मी लहानपणी दशावतार पाहिला असं म्हणणं खोटं ठरेल. मी तो झोपेत ऐकला. आईच्या मांडीवर डोकं, अंगावर तिचा पदर, आणि दूर कुठेतरी मृदंग वाजतोय. डोळा उघडला की समोर राजा, मिटला की आतही राजा. त्यामुळे त्यातलं पाहिलं किती आणि स्वप्नात आलं किती, हे मला अजून सांगता येत नाही. एक राजा तर घामाघूम होऊन आमच्या पडवीत आला होता आणि माझ्याकडे तांब्याभर पाणी मागत होता, हे मला लख्ख आठवतं. आई म्हणायची, असं काही झालंच नाही. मी अजूनही त्या राजाच्या बाजूने आहे.

म्हणून मी वरचीला 'हो' म्हणाले. त्या पोरीला वाटलं, स्वप्नातल्या त्या गावी पुन्हा जायला मिळेल, साडी छान नेसायला मिळेल. पुढे काय वाढून ठेवलंय, कुठे ठाऊक होतं!

शिकवायला आला वरचीचा मोठा भाऊ. गावच्या दशावतारात पायपेटी वाजवून, गाणी म्हणून त्याचा जन्म गेलेला. गुडघ्याच्या ऑपरेशनला मुंबईत आला होता आणि मुलाच्या ब्लॉकमध्ये बसून कंटाळला होता. आम्ही त्याला मास्तर म्हणायला लागलो. पहिल्याच दिवशी मी त्याला विचारलं, "मास्तर, आमचे संवाद कधी देणार?"

"कसले संवाद?"

"म्हणजे... कुणी काय बोलायचं ते. कागदावर."

मास्तर माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी मासे देठासकट मागितले. "कागद नाय गो बाय. दशावताराक कागद नसता. गोष्ट सांगतंय ती ऐका. बाकी तोंड तुमचा."

"पण राक्षस काय विचारणार ते मला कळलं तर..."

"राक्षस काय इचारतलो, ता राक्षसाकच म्हायत नाय!"

बायका हसल्या. मीही हसले, आणि संवाद लिहून घ्यायला आणलेली वही हळूच पदराआड लपवली.

त्या पोरीची भीती समजायची तर तिची नोकरी समजायला हवी. विक्रोळीच्या एका कारखान्यात मी टेलिफोनच्या बोर्डावर होते. कानाला हेडफोन, समोर दिवे लुकलुकतायत, आणि दिवसभर माणसांचे आवाज माझ्यातून इकडून तिकडे जातायत. कुणी रागात, कुणी लाडात, कुणी रडवेलं. मी मात्र आपली, "एक मिनिट हां, जोडते." "साहेब मीटिंगमध्ये आहेत." "कोण बोलतंय सांगू?" एवढ्या तीन तयार वाक्यांवर माझी सगळी नोकरी झाली. आवाज गोड आहे म्हणून सगळे म्हणायचे. त्या गोड आवाजाने स्वतःचं म्हणून कधी काही बोलल्याचं मात्र कुणालाच आठवणार नाही. निवृत्तीच्या दिवशी हातात माइक दिला, तर मी "धन्यवाद" म्हणाले आणि बसले. लोक पुढचं ऐकायला थांबलेले. पुढचं नव्हतंच.

तर मला माणसांची भीती नव्हती. तयार वाक्य संपल्यावर जी रिकामी जागा उरते, तिची भीती होती. आणि मास्तर सांगत होता की दशावतार म्हणजे तेवढीच रिकामी जागा, बाकी गाणी.

मला राणी केलं. गोष्ट साधी होती. राजाला राक्षसाने पळवून तळघरात कोंडलंय. राणी एकटी राक्षसाच्या दारात जाते आणि आपल्या नवऱ्याला परत मागते. राक्षस तिला प्रश्न विचारतो, ती उत्तरं देते, तो काही ऐकत नाही. मग राजा साखळदंड तोडून येतो आणि घनघोर युद्ध. वरची राक्षस झाली. मासळीबाजारात तिला नुसतं येताना बघून कोळणी आपणहून भाव कमी करतात, त्यामुळे त्या निवडीवर कुणाचं दुमत नव्हतं.

तालमीत मास्तर फक्त गाणी बसवायचा, कुठून यायचं, कुठे वळायचं, तलवारीचे हात कसे करायचे, ते दाखवायचा. बोलायची वेळ आली की हात वर करायचा. "बोलणा थंयसर. लोकांफुडे. हयसर खर्च करू नको."

मग त्या शहाण्या पोरीने काय करावं? तिने स्वतःच सगळे संवाद रचले. राणीचे तर रचलेच, राक्षसाचेही रचले! आणि मोबाइलमध्ये बोलून ठेवले. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना कानात आपलाच आवाज. दशावतार पाठ करणारी कोकणातली पहिली बाई मीच असेन. माझ्या गावात हे कळलं असतं तर लोकांनी माझी मिरवणूक काढली असती, आणि ती कौतुकाची नव्हे.

राक्षसाच्या जागी मी आमच्या ह्यांना बसवलं. हे पेपर वाचायचे आणि पेपरच्या मागून, आमटीत मीठ कमी आहे म्हणावं अशा आवाजात, विचारायचे, "कोण आहेस तू? माझ्या दारात का आलीस?"

"अहो, जरा जोर लावा! राक्षस आहात तुम्ही!"

"अगं, दारात आलेल्या बाईवर ओरडायचं कशाला?"

असा हा मऊ राक्षस. रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. मला वाटायला लागलं, जमलं. तरी खात्री म्हणून एकदा लिफ्टमध्ये मी वरचीला गाठलं. "ए, तू मला काय विचारणार आहेस गं?"

"मला काय माहीत? दाढी चढली की सुचेल."

"ते काही नाही. 'कोण आहेस तू' एवढंच विचार. प्लीज."

"बघू," ती म्हणाली आणि लिफ्टचं दार उघडायच्या आत तिने एकदा राक्षसासारखं हसून घेतलं. खालचा वॉचमन खुर्चीवरून उठून उभा राहिला.

खेळ ठरला बोरिवलीला, रविवारी दुपारी, कोकणातल्या लोकांच्या एका मेळाव्यात. हॉलच्या मागच्या खोलीत आम्ही आपापले चेहरे रंगवायला बसलो. दशावतारात ज्याचा रंग त्यानेच लावायचा. पांढऱ्या सफेद्याचा हात चेहऱ्यावरून फिरला, भुवया गेल्या, सुरकुत्या गेल्या, मी गेले. छोट्या आरशात एक कोरी पांढरी बाई उरली. मग तिला काळे डोळे आले, लाल ओठ आले. ती माझ्याकडे बघत होती आणि तिला माझ्याविषयी काहीच ठाऊक नव्हतं. बाहेर मृदंग घुमायला लागला होता. त्या आवाजाने मला एकदम तीच जुनी गुंगी आली, आईच्या पदराखालची. मी जागी आहे की नाही तेही कळेना. खेळाच्या सामानाच्या पेटाऱ्यातल्या गणपतीला सगळ्यांनी हात जोडले. मी मनातल्या मनात म्हणाले, देवा, वरचीला 'कोण आहेस तू' एवढंच विचारू दे.

देवाचंही त्या दुपारी लक्ष नव्हतं.

आमच्या रंगमंचावर एकच बाकडं असतं. राजा बसला की ते सिंहासन, त्यावर उभं राहिलं की डोंगर, बाजूने वळसा घातला की अरण्य. त्या बाकड्यावर वरची बसली होती. काळी दाढी, कपाळावर लाल पट्टे, मांडीवर तलवार. मी पदर सावरत, वळसा घालत, गाण्याच्या शेवटच्या ओळीवर तिच्यासमोर जाऊन थांबले. वाद्यं थांबली. वरचीने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि गडगडाट केला.

"हे राणी! तुझ्या पतीला मी का सोडावं? असं आहे तरी काय त्या माणसात?"

मी ठासून उत्तर दिलं, "मी सूर्यवंशातली पतिव्रता, माझ्या पतीला मागण्यासाठी आले आहे!"

"ते दिसतंय," राक्षस म्हणाला. "मी विचारलं, त्याच्यात आहे काय?"

हॉल हसला. आणि माझ्या डोक्यातला बोर्ड बंद पडला. एकही दिवा नाही. कुकर नाही, मोबाइल नाही, एक वाक्य नाही. तीच ती रिकामी जागा, आणि त्या जागेत पांढऱ्या तोंडाची मी. मग त्या सूर्यवंशातल्या पतिव्रतेच्या तोंडून, इतक्या वर्षांच्या सवयीने, अगदी गोड आवाजात बाहेर पडलं,

"एक मिनिट हां, जोडते."

हशा असा उसळला की मागच्या रांगेतलं एक तान्हं बाळ दचकून रडायला लागलं. वरचीची दाढी थरथरत होती. दाढीच्या आत ती फुटत होती, मैत्रीण कसली! पळावं असं वाटलं. पण पळायला बाकड्यामागून जावं लागलं असतं आणि तिथे राक्षस होता.

दशावतारात कुणी अडलं की पेटीवाला त्याला टाकत नाही. मास्तरने माझ्याकडे पाहिलं आणि सूर धरला. राणी रानात उभी आहे, तिला वाट सापडत नाही, असं काहीतरी तो तिथल्या तिथे रचून गायला लागला. ओळ संपवायचा आणि तीच ओळ पुन्हा फिरवून आणायचा, घाई नाही, काही नाही. पेटीचा सूर पाण्यासारखा माझ्या घोट्यांशी येऊन थांबला. हसणं हळूहळू विरलं. मला वेळ मिळाला आणि त्या वेळात मी पहिल्यांदा समोर पाहिलं. लोक होते. पंख्याखाली डुलणारी एक म्हातारी. आईच्या मांडीवर झोपलेली एक मुलगी, तोंड उघडं. ती झोपेत ऐकत होती, मला माहीत आहे ना ते ऐकणं कसं असतं ते. आणि तिसऱ्या रांगेत आमचे हे. पाठ ताठ करून बसलेले, चेहरा काळजीने एवढासा झालेला, आणि ओठ हलतायत. ते राक्षसाचं वाक्य म्हणत होते. "कोण आहेस तू? माझ्या दारात का आलीस?" त्यांना वाटत होतं, त्यांनी म्हटलं की मला पुढचं आठवेल.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मास्तरने गाणं उतरवलं, पेटी थांबवली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बोल गो. हसले तर हसांदेत."

"असुरा," मी म्हणाले, "खरं सांगू? त्याच्यात विशेष असं काहीच नाही."

हॉल एकदम गप्प. आणि मला, काय सांगू, त्या गप्प बसण्याची चव लागली.

"त्याचा मुकुट त्याच्या डोक्यावर असतो आणि तो सगळा महाल पालथा घालतो, मुकुट कुठे गेला म्हणून. शिकारीला जातो म्हणून निघतो आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन परततो. तीही पिवळी पडलेली."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेतले ओठ हलायचे थांबले.

"मग असला राजा राहू दे की इथे!" राक्षसालाही आता जोर चढला. "तुलाही तेवढाच आराम!"

"राहू दे म्हणतोस?" माझा आवाज मला ओळखू येईना. गोड नव्हता तो. "मी दिवसभर लोकांचं बोलणं ऐकत असते, असुरा. रयतेची गाऱ्हाणी, दरबाराच्या कागाळ्या. संध्याकाळी कान भरून, डोकं भरून मी महालाच्या फाटकाशी येते, तेव्हा तिथे एक माणूस उभा असतो. पावसाचा थेंब नसला तरी छत्री घेऊन उभा. तो विचारत नाही, दिवस कसा गेला. माझ्या हातातली पिशवी घेतो आणि चालायला लागतो. बोलणारे मला पुष्कळ भेटले. न बोलता माझ्यासोबत चालणारा तेवढा एकच आहे, आणि तो तुझ्या तळघरात आहे. आण त्याला."

हे मी कधी रचलं, कुठून आणलं? बोलत होते तेव्हा मला ते समोर दिसत होतं इतकंच, जसा पडवीतला तो राजा दिसला होता. पुढचं पाऊल टाकेपर्यंत पुढची पायरी दिसत नव्हती आणि पाऊल टाकलं की असायची.

वरची माझ्याकडे बघत राहिली. मग तिने दाढीवरून हात फिरवला, डोळे पुसले, सफेदा गालावर ओघळला, आणि म्हणाली,

"ने बाई. ने त्याला."

झालं! राक्षसानेच राजा देऊन टाकला. गोष्ट संपली. आता युद्ध कसलं? मास्तरने कपाळावर हात मारला. तोच आतून पडदा बाजूला सारून राजा बाहेर आला. राजा म्हणजे आमच्या शेजारच्या इमारतीतली बाई, तलवारीचे हात शिकता शिकता खांदा धरलेला तिचा. ती सरळ प्रेक्षकांकडे वळली. "मी असा फुकट सुटणार नाही! एवढी तलवार शिकलो, ती काय भाजी चिरायला? ऊठ रे राक्षसा!"

"आता माका लढाक सांगता?" राक्षस आपल्या मास्तर भावापेक्षा जास्त मालवणीत ओरडला. मृदंग सुटला, लोक उभे राहिले आणि आमचं युद्ध झालं. मध्येच मलाही काहीबाही सुचत होतं, मी दोघांनाही लढता लढता टोमणे मारत होते. शेवटी मास्तर पेटीवरूनच ओरडला, "आता पुरे गो बाय! राक्षसाक मराक दी!"

त्या पोरीला गप्प बसवावं लागलं. ह्याचं मला आजही कौतुक आहे.

भीती गेली का, असं सोसायटीतल्या सुना मला अजून विचारतात. कुठली जाते! दर खेळाला चेहऱ्याला सफेदा लागला की ती येतेच. फक्त आता आम्ही दोघी एकाच आरशात बघतो, आणि मी तिला सांगते, जरा सरक, मला कुंकू लावू दे.

त्या संध्याकाळी आम्ही रिक्षाने घरी निघालो. रंग धुवायला नळाशी रांग होती, मी म्हटलं घरी जाऊन धुईन. कांदिवलीच्या आसपास हे म्हणाले, "पावसाचा थेंब नसताना छत्री, हे काही खरं नाही."

"का? असायचात की उभे."

"ऊन असायचं," ते म्हणाले. "ऊन असायचं म्हणून घेऊन यायचो." आणि बाहेर बघायला लागले.

गोरेगावच्या सिग्नलला रिक्षा थांबली. हायवेवर संध्याकाळ उतरत होती, गाड्यांचे लाल दिवे लांबपर्यंत पसरले होते, सगळं थोडं विरघळल्यासारखं. शेजारी स्कूटरवर एक मुलगी येऊन थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, हेल्मेटची काच वर केली, पुन्हा पाहिलं. पांढरं तोंड, लाल ओठ, कपाळावर चंद्रकोर. सकाळची मी असते तर पदर ओढून घेतला असता.

"आजी, शूटिंग का? मढच्या बंगल्यात?" तिने विचारलं.

"शूटिंग कसलं गं," मी म्हणाले, "राज्य आहे."

"काय सांगता! कुठलं?"

ह्यांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. कुठलं राज्य, ते मला ठाऊक नव्हतं. सिग्नल अजून लाल होता. मी रिक्षातून जराशी बाहेर वाकले आणि तोंड उघडलं.